लहानपणीचा टीव्ही गेम परत मिळतोय म्हणे, आगाऊ पैसे भरावेत का?

जुनीमिल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशाचा आहे, पण आधी थोडं मागचं सांगतो.

आम्ही दोघं भाऊ सोलापुरात अक्कलकोट रोडला वाढलो. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. मे महिन्याच्या सुट्टीत एकदाच, फक्त दोन दिवसांसाठी, टीव्ही गेम भाड्यानं यायचा. दिवसाचे तीस रुपये आणि वर डिपॉझिट. दुकानातून घरी आणताना ऊन लागू नये म्हणून वडील तो टॉवेलात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधायचे. त्या दोन दिवसांत आम्ही जेवायलाही टीव्हीसमोरून उठत नव्हतो. धाकटा आता पुण्यात असतो, पुढच्या वर्षी चाळीस पूर्ण करेल. आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं आहे. भांडण वगैरे काही नाही, पण विषयच सापडत नाहीत.

परवा इंटरनेटवर लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणारी एक परदेशी मोहीम दिसली. जुन्या मशीनसारखाच डबा, खरी कॅसेट घालायची खाच, दोन वायरवाले रिमोट, आत 'हजाराहून जास्त गेम', आणि नव्या टीव्हीला सरळ जोडता येतो. आत्ता पैसे भरायचे आणि चौदा महिन्यांनी डबा घरपोच. पाठवणावळ धरून साडेसतरा हजार होतात. मोहीम संपायला अकरा दिवस आहेत. भावाला वाढदिवसाला द्यायचा विचार आहे. मोहिमेचं नाव मुद्दाम देत नाही, इथे जाहिरात नको.

कुणी असे पैसे भरलेत का? वस्तू हातात पडली का?

कडकभाकरी

वाचतोय. साडेसतरा हजारात तर पुण्याला चार वेळा जाऊन भावाबरोबर जेवून येशील. हे आपलं सहज सुचलं. बाकी जाणकार सांगतीलच.

सोल्डरगन

धागाकर्ते, एकच विचारतो. त्या पानावर मशीनच्या आतल्या बोर्डाचा फोटो आहे का? डब्याचा फोटो नको, बोर्डाचा हवा. आणि तो बोर्ड चालू असताना, झाकण उघडं ठेवून, एका सलग व्हिडिओत गेम खेळून दाखवलाय का?

का विचारतो ते सांगतो. २०१५ मध्ये 'रेट्रो व्हीजीएस' नावाची मोहीम इंडिगोगो या अशा मोहिमांच्या वेबसाइटवर आली होती. कल्पना तुम्ही सांगताय तीच, खऱ्या कॅसेटवर चालणारा नवा कन्सोल, म्हणजे गेमचा डबा. डब्यासाठी त्यांनी 'अटारी जॅग्वार' या जुन्या कन्सोलचे साचे विकत घेतले होते. मधल्या काळात ते साचे दातांच्या दवाखान्यातल्या उपकरणासाठी वापरले गेले होते. म्हणजे डबा खरा होता, आत काय बसणार हेच ठरलेलं नव्हतं. मागितले साडेएकोणीस लाख डॉलर, जमले ऐंशी हजारांच्या आसपास, मोहीम पडली.

मग त्यांनी कोलेको या जुन्या गेम कंपनीचं नाव भाड्यानं घेतलं आणि तोच कन्सोल 'कोलेको कॅमेलियन' म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात मांडला. गेम चालत होते, लोक खेळत होते. पण बारीक नजरेच्या काही जणांनी मागच्या बाजूचे फोटो पाहिले. चिकटपट्टी लावलेली, आणि जोडण्यांची खाच सुपर निन्टेंडो या जुन्या कन्सोलच्या छोट्या मॉडेलशी तंतोतंत जुळणारी, म्हणजे आत तेच मशीन असल्याचा संशय. त्यानंतर आतला बोर्ड म्हणून पारदर्शक डब्यातला फोटो टाकला, तर ते निघालं कॉम्प्युटरमध्ये बसवायचं जुनं व्हिडिओ कॅप्चर कार्ड. मार्चमध्ये कोलेकोनं आपलं नाव काढून घेतलं आणि प्रकरण संपलं.

मी गेली बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतो. झाकण उघडल्याशिवाय मी कुठलाही सेट विकत घेत नाही.

पूर्वभाग

काय आठवण काढलास बे! आमच्याकडं दिवसभर मागाचा खटखट आवाज, त्यात मारिओचं म्यूझिक ऐकूच यायचं नाही. लाईट गेली की माग बंद, गेम पण बंद. मग सगळी गल्ली एकदम शांत व्हायची आणि आम्ही पोरं एकदम ओरडायचो. लाईट आली की मागवाले आधी पळायचे आणि आम्ही त्यांच्या मागं.

घरी तेलुगू, शाळेत मराठी, पण गेमची भाषा सगळ्यांची एकच. 'लाईफ गेली', 'स्टेज आली', 'बॉस आला'.

पैशाचं मला कळत नाही, त्यामुळं त्यावर बोलत नाही.

होममैदान

घरचा टीव्ही गेम आमच्या नशिबी नव्हता. आम्ही पार्लरवाले. नवी पेठेतल्या एका बोळात चार मशीन होत्या, एक रुपयाला एक कॉइन. 'मुस्तफा'ला कायम रांग. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', १९९३ चा, कॅपकॉम कंपनीचा. हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं. त्यातल्या एका पात्राच्या नावावरून आमच्यासाठी तो मुस्तफाच. एका कॉइनमध्ये गेम संपवणारा एक दादा होता, तो खेळायला लागला की पार्लरवाला स्वतः गल्ला सोडून मागे येऊन उभा राहायचा. त्या दादाचा शेवटचा बॉस मारताना मी शाळेची परीक्षा चुकवली आहे. घरी सांगितलं, पोट दुखत होतं.

गड्ड्याच्या यात्रेतही एक-दोन वर्षं अशा मशीन आल्या होत्या. फुगे फोडायच्या बंदुकीशेजारी. आठवतंय का कुणाला?

कडकभाकरी

आठवतंय की. मी फुग्यांच्याच बाजूला असायचो, तिथे बक्षीस मिळायचं.

सिद्धेश्वरएक्सप्रेस

मी मूळचा मुरारजी पेठेतला, सध्या बेंगळुरूला. थोडी दुसरी बाजू मांडतो, कारण सोल्डरगन यांचा प्रतिसाद वाचून सगळेच असले प्रकल्प खोटे असतात असं वाटेल.

तसं नाही. जुन्या 'स्पेक्ट्रम' या घरगुती कॉम्प्युटरचा नवा अवतार 'झेडएक्स स्पेक्ट्रम नेक्स्ट' घ्या. २०१७ मध्ये किकस्टार्टर या तशाच वेबसाइटवर ७ लाख २३ हजार पौंडांच्या वर रक्कम जमली. वचन २०१८ च्या सुरुवातीचं होतं, मशीन लोकांना मिळाली २०२० च्या सुरुवातीला. दोन वर्षं उशीर झाला, पण मिळाली, आणि चांगली मिळाली. त्यांच्याकडे मोहिमेआधीच चालणारा बोर्ड होता आणि तो बनवणारे लोक त्या क्षेत्रात आधीपासून ओळखले जात होते. दुसऱ्या मोहिमेच्या वेळी जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हाही उशीर झाला. पण टीम गायब झाली नाही.

'ऊया' या कन्सोलचंही उदाहरण आहे. जुलै २०१२, त्रेसष्ट हजारांहून जास्त लोकांनी ८५ लाख डॉलरच्या वर पैसे दिले. मशीन २०१३ मध्ये पोचलं. म्हणजे फसवणूक अजिबात नाही. पण त्याचे गेम कंपनीच्या सर्व्हरवरून घ्यावे लागायचे, आणि जून २०१९ मध्ये ते दुकान बंद झालं. वस्तू मिळाली आणि तरी सहा वर्षांत बहुतेकांच्या घरी ती कपाटात गेली.

म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. वस्तू मिळेल का, हे तर विचाराच. पण कंपनी बुडाली तरी ती चालेल का, हेही विचारा. तुमच्या लहानपणीच्या मशीनला कुठलाच सर्व्हर लागत नव्हता.

जुनीमिल

सगळ्यांचे आभार. काल रात्री ते पान पुन्हा नीट वाचलं. बोर्डाचा फोटो नाही. डब्याची चित्रं आहेत ती सगळी कॉम्प्युटरवर काढलेली, सावल्यासुद्धा. व्हिडिओत एक माणूस सोफ्यावर बसून रिमोट हातात धरतो, मग टीव्हीचं चित्र वेगळं दिसतं. दोन्ही एका चौकटीत कुठेच नाहीत. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लक्षातच आलं नव्हतं, कारण मी त्या सोफ्यावर भावाला बघत होतो.

मी तिथे विचारलं, 'बोर्ड दाखवाल का?' उत्तर आलं, 'पेटंटच्या कारणामुळे सध्या दाखवता येत नाही.'

सोल्डरगन

तीस-चाळीस वर्षं जुन्या मशीनच्या नकलेत लपवण्यासारखं पेटंट कुठलं? फॅमिकॉम, म्हणजे निन्टेंडोचं ते मूळ मशीन, जपानमध्ये जुलै १९८३ ला आला. त्यातला प्रोसेसर त्याहून जुन्या ६५०२ या चिपवर बेतलेला. त्याच्या नकला करून तर आपल्याकडचे 'लिटल मास्टर' आणि 'टर्मिनेटर' विकले गेले. उघडून बघा, काळ्या डिंकाच्या एका थेंबाखाली अख्खं मशीन असतं.

ताळेबंद

मी हिशेबाच्या व्यवसायात आहे, तेवढ्यापुरतं बोलतो.

१. इथे तुम्ही वस्तू विकत घेत नाही. एखाद्याच्या प्रयत्नाला पैसे देता आणि बदल्यात त्यानं वस्तू द्यायचं वचन दिलेलं असतं. किकस्टार्टरनं २०१२ मध्ये 'आम्ही दुकान नाही' असं जाहीरच लिहिलं आणि यंत्रांच्या प्रकल्पांना कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं दाखवायला बंदी केली. हे पान त्या नियमात बसलं नसतं, म्हणजे मोहीम बहुधा दुसरीकडे आहे.

२. किकस्टार्टरवर उद्दिष्ट गाठलं नाही तर कुणाचेच पैसे कापले जात नाहीत. काही ठिकाणी 'लवचीक' असा प्रकार असतो, त्यात अर्धेच पैसे जमले तरी ते मोहीमवाल्याला मिळतात. अर्ध्या पैशात पूर्ण मशीन कसं बनणार, हे त्याला विचारायला कुणी नसतं. तुमच्या मोहिमेत कुठला प्रकार आहे ते आधी बघा.

३. वस्तू बाहेरून आली की कस्टम ड्यूटी वेगळी. साडेसतरा हजार हा शेवटचा आकडा नाही. कुरिअरवाला दारात उभा राहून उरलेले पैसे मागतो तेव्हा बऱ्याच जणांना हे कळतं.

४. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावर हरकत घ्यायला मुदत असते. चौदा महिन्यांनी वस्तू आली नाही म्हणून बँकेत गेलात तर ती मुदत संपलेलीही असू शकते.

हे पैसे परत आले नाहीत तरी घरात कुणाचं काही अडणार नाही, एवढेच पैसे अशा ठिकाणी द्यावेत असं मी अशिलांना सांगतो.

रिमोट_नंबर_दोन

नाव बघून ओळखलं असेल. आम्ही तीन भावंडं आणि मी मधली मुलगी. पहिला रिमोट मला कधीच मिळाला नाही. दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटनच नसायचं, त्यामुळे गेम थांबवायचा अधिकारसुद्धा दादाकडे. आई हाक मारायची, मी 'थांबव ना' म्हणायचे आणि तो मुद्दाम थांबवायचा नाही. चटणी-भाकरी खाऊन तसाच रिमोट धरायचा, म्हणून त्या रिमोटच्या बटनांना शेंगाचटणीचं तेल कायम लागलेलं.

पण एक गुपित मला सापडलं होतं. 'डक हंट'मध्ये एकच बदक येणारा प्रकार लावला तर जो गोळी मारत नाही त्याच्या रिमोटनं बदक उडवता येतं. दादा बंदूक धरून उभा आणि मी मागे पलंगावर बसून बदक हवं तिकडे वळवतेय. आठवडाभर त्याला वाटत होतं बंदूक बिघडली. माझ्या बालपणातला तो सगळ्यात आनंदाचा आठवडा.

तर माझा प्रश्न. त्या नव्या डब्याबरोबर बंदूक आहे का? आणि ती आजच्या टीव्हीवर चालेल का? मी माझ्या मुलासाठी जुनी बंदूक जोडून पाहिली होती, एकही बदक पडलं नाही.

सोल्डरगन

@रिमोट_नंबर_दोन, बंदूक बिघडली नव्हती, टीव्ही बदलला. त्या बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही, ती फक्त बघते. तुम्ही घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा भाग असतो. त्याला काळ्यानंतर लगेच पांढरं दिसलं तर नेम लागला. हे सगळं सेकंदाच्या अगदी बारीक भागात. जुना ट्यूबचा टीव्ही आलेलं चित्र त्याच क्षणी ओळीओळीनं रंगवतो. एलसीडी ते चित्र आधी घेतो, मोठं करतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीची वेळ निघून गेलेली असते.

नवीन डबेवाला 'बंदूकही देऊ' म्हणत असेल तर ती कुठल्या तत्त्वावर चालणार ते विचारा.

आणखी एक गंमत सांगतो, फार कमी लोकांना माहीत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच नकली मशीन 'पाल' या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या होत्या, सेकंदाला ५० चित्रं. मूळ जपानी मशीन सेकंदाला ६० चित्रं दाखवायचं. गेमचा वेग चित्रांच्या मोजणीवर चालतो. म्हणून आपला मारिओ जपानी मारिओपेक्षा एक षष्ठांश हळू पळायचा, गाणंसुद्धा हळू. नवे डबे बहुतेक ६० वर चालतात. लोक येऊन म्हणतात, 'वय झालं, आता खड्ड्यात पडतो.' त्यांना सांगतो, वय नाही, तुमचा मारिओ आता जोरात पळतोय.

होममैदान

हे वाचून इतका आनंद झाला की बायकोला उठवून सांगितलं. मी दोन वर्षांपूर्वी मुलासमोर पहिल्याच स्टेजला तीन लाईफ घालवल्या होत्या. कारण सापडलं!

सिद्धेश्वरएक्सप्रेस

सोल्डरगन, माहिती बरोबर, पण यावर उपाय आहे. चांगल्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ५० की ६० हे निवडता येतं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर हे घरी करता येतं, खर्च साडेसतरा हजारांच्या बराच आत. त्याहून नेमकं हवं असेल तर एफपीजीए. म्हणजे जुन्या चिपची नक्कल प्रोग्रॅमनं करण्याऐवजी चिपच्या आतली जोडणीच पुन्हा उभी करायची. 'मिस्टर' नावाचा प्रकल्प त्यावरच आहे, सगळा खुला, कुणाच्याही वचनावर अवलंबून नाही.

सोल्डरगन

मान्य. पण त्या भावाला दारू न पिता पार्टी दिल्यासारखं वाटेल. त्याला मेनू नको, सेटिंग नको. कॅसेट आत दाबली, खटका ओढला, चित्र आलं, एवढंच हवं.

सिद्धेश्वरएक्सप्रेस

मी हे मानत नाही. माझ्या वडिलांना मी पायवर 'रोड फायटर' लावून दिला, त्यांनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी कशी पळते एवढंच बघितलं. डब्याची ओढ आपल्या पिढीला आहे, गेमला तिची गरज नाही.

कडकभाकरी

एक शंका. हजार गेम म्हणतायत, ते कुणाच्या परवानगीनं? मारिओ निन्टेंडोचा, काँट्रा कोनामीचा. निन्टेंडोनं २०१६ मध्ये स्वतःच्या जुन्या मशीनची, एनईएसची, छोटी आवृत्ती काढली त्यात मोजून ३० गेम होते. मालकाकडे तीस आणि या पाहुण्याकडे हजार?

ताळेबंद

कडकभाकरी, नेमकं बोट ठेवलंत. ज्यांच्याकडे परवाना असतो ते गेमची यादी नावासकट छापतात, तीच त्यांची मोठी जाहिरात असते. यादी नसेल तर परवाना नाही असंच मी धरेन.

परवान्याच्या वादातच 'स्पेक्ट्रम वेगा प्लस' हा हातात धरून खेळायचा कन्सोल अडकला होता. २०१६ मध्ये इंडिगोगोवर पाच लाख पौंडांहून जास्त जमले. तारखा पुढे जात राहिल्या. २०१८ मध्ये थोड्या लोकांना मशीन मिळाली. इंडिगोगोनं वसुलीवाले लावले. ज्यांच्याकडे त्या नावाचे हक्क होते त्या स्काय कंपनीनं परवाना काढून घेतला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मूळ कंपनीच गुंडाळली गेली. यात पैसे घालणारे बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे, लहानपणी त्या मशीनवर बसलेले लोक.

उजनी

इतके दिवस नुसतं वाचत होते. आता लिहितेच.

मी असे पैसे घातले आहेत. नऊ हजार दोनशे. कन्सोलचं नाव घेत नाही. पहिले तीन महिने दर आठवड्याला पत्र यायचं, फोटो, रंग निवडा, बटन कसं हवं त्यावर मत द्या. मी मत दिलं होतं, जांभळं बटन. मग महिन्याला एक पत्र. मग 'कारखान्यात अडचण'. मग 'आम्ही तुमच्याइतकेच दुःखी आहोत'. मग काहीच नाही. दोन वर्षं आठ महिने झाले.

पैशाचं दुःख झालं, खोटं कशाला बोलू. पण जास्त लागलं ते वेगळंच. लेकीला सांगितलं होतं की आईचा लहानपणीचा गेम येणार आहे. ती सहा वर्षांची होती, रोज कुरिअरवाल्याला विचारायची. आता नऊची होईल, विचारत नाही. मला वाटतं तिला वाटत असेल की असा गेम कधी नव्हताच, आईनं रचून सांगितलं.

जुनीमिलदादा, भावाला आधी सांगू नका. एवढंच.

रिमोट_नंबर_दोन

उजनीताई, लेकीला घेऊन आमच्याकडे या. जुना ट्यूबचा टीव्ही अजून आहे माझ्याकडे, भंगारवाल्याला दिला नाही. बंदूकही आहे. बदक मी उडवेन, ती मारेल. विजापूर वेशीपासून पाच मिनिटं.

उजनी

येते. खरंच येते. रविवारी चालेल?

पूर्वभाग

जुनीमिल, एक सांगायचं राहिलंच की. आमचे काका कन्ना चौकात टीव्ही गेम भाड्यानं द्यायचे. दुकान बंद झालं तेव्हा दोन मशीन आमच्या माळ्यावर आल्या. काल चढून बघितलो. एक उंदरांनी खाल्लीय. दुसरी अख्खी हाय, काळी, 'मेगा ड्राइव्ह' नावाच्या दुसऱ्या कन्सोलसारखी दिसते. कॅसेटी सात. एकावर लिहिलंय '९९९९९९९ इन १'. अडॉप्टर नाही. राऊटरचा अडॉप्टर पिनला बसतोय, लावू का?

सोल्डरगन

लावू नको!! थांब. राऊटरचा बहुधा १२ व्होल्टचा असेल. या मशीनला साधारण ९ व्होल्ट लागतात, आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर ते ५ वर आणतो. आणि मुख्य म्हणजे पिनच्या आत अधिक की उणे ते बघ. कित्येक मशीनमध्ये आत उणे असतं, राऊटरच्या बरोबर उलट. डब्याच्या खाली चिन्ह छापलेलं असेल, त्याचा फोटो पाठव.

कॅसेटला फुंकरही मारू नकोस. आपण सगळ्यांनी आयुष्यभर फुंकर मारली, पण चालायची ती कॅसेट काढून परत घातल्यामुळे. तोंडातल्या वाफेनं उलट पट्ट्या गंजतात. पांढरं खोडरबर हळूच फिरव, मग कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पूस. साठही पट्ट्या चकचकीत दिसल्या पाहिजेत.

पूर्वभाग

फोटो टाकलाय. आत उणे निघालं. वाचलो!

जुनीमिल

पूर्वभाग, तुमच्या काकांचं दुकान कन्ना चौकात म्हणालात. आमचं दुकान अशोक चौकाकडे होतं, म्हणजे ते नव्हे. तरी माळ्यावरची मशीन म्हटल्यावर पोटात काहीतरी हललं.

मोहिमेचं सांगतो. ताळेबंद म्हणाले तसंच निघालं, 'लवचीक' प्रकार आहे. गेमची यादी मागितली, उत्तर नाही. माझा प्रश्नही पानावरून काढून टाकलाय. पैसे भरणार नाही. उरलेले चार दिवस ते आकडे खाली येताना बघेन फक्त.

पूर्वभाग

मंडळी, चालू झाली!! सोल्डरगनकडून ९ व्होल्टचा अडॉप्टर आणला, चारी कॅसेटी पुसल्या (तीन गेल्याच). आमच्या जुन्या टीव्हीला जोडली. 'काँट्रा' आला. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, बोटांना सगळं पाठ हाय अजून, तीस लाईफ मिळाल्या. फक्त चित्र काळं-पांढरं येतंय. मशीन गेली का बे?

सोल्डरगन

गेली नाही. तुझी मशीन एनटीएससी या दुसऱ्या चित्रपद्धतीची आहे आणि टीव्ही फक्त पाल ओळखतो, म्हणून रंग सापडत नाहीत. एलसीडीला पिवळी-पांढरी पिन लावून बघ, नवे टीव्ही दोन्ही ओळखतात. आणि एक बातमी, याचा अर्थ तुझ्याकडे ६० वालं मशीन आहे. मारिओ लावून बघ कसा पळतो.

पूर्वभाग

एलसीडीवर रंग आला. आणि होय, पळतोय! पहिल्या खड्ड्यातच गेलो.

जुनीमिल, ही तू घेऊन जा. काकांना विचारलं. म्हणाले, डिपॉझिट नको, भाडं पण नको, फक्त परत आणून दे म्हणावं.

जुनीमिल

काय लिहू कळत नाही. काकांना माझा नमस्कार सांगा.

काल रात्री भावाला फोन केला. उजनीताईंचं ऐकून गेमचं बोलणार नव्हतो, पण राहवलं नाही. मोहिमेचं, मुस्तफाचं, ५० आणि ६० चं, बदकाचं, सगळं सांगत गेलो. पन्नास मिनिटं बोललो. इतकं आम्ही वडील गेल्यावरही बोललो नव्हतो. त्याला त्या टॉवेलाचा रंगसुद्धा आठवत होता, मला नव्हता. हिरव्या काठाचा. संक्रांतीला गड्ड्याला येतो म्हणालाय, चार दिवस.

पूर्वभाग, मशीन घ्यायला शनिवारी येतो. एक विचारायचं राहिलं, रिमोट दोन्ही आहेत ना?

पूर्वभाग

एकच चालतोय. दुसऱ्याची वायर उंदरांनी खाल्ली.

रिमोट_नंबर_दोन

दुसरा माझ्याकडे आहे. स्टार्टचं बटन नाही त्याला. पिन जुळते का बघायला रविवारी मशीन घेऊन आमच्याकडेच या, उजनीताई आणि लेकही येणार आहेत.

सोल्डरगन

पिन जुळली नाही तर मी सोल्डर घेऊन येतो. किती वाजता?